जुन्या साइड ड्रमची दुरुस्ती

साइड ड्रम, अर्थात स्नेअर ड्रम, हे दोन्ही तोंडांवर पान ताणलेले आणि दोन काड्यांनी वाजवले जाणारे तालवाद्य आहे. खालच्या पानाला टेकवलेल्या तारांमुळे त्याच्या प्रत्येक आघाताला एक कोरडी, खरखरीत धार येते. सैन्यदले व पोलीस यांची बँडपथके, लग्नाच्या वरातीतील ब्रास बँड, गणेशोत्सवातील पथके आणि शाळांची कवायतपथके यांत हे वाद्य सर्वत्र आढळते. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत १५ ऑगस्ट व २६ जानेवारीची प्रभातफेरी याच वाद्याच्या ठेक्यावर निघते. शाळेला वा लहान पथकाला हे वाद्य अनेकदा जुने, कोणीतरी वापरून टाकलेले असेच मिळते. असा ड्रम अल्प खर्चात पुन्हा वाजता कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्या ड्रमचा आवाज बिघडला की बहुतेक लोक वरचे पान बदलतात. पान दिसते, त्यावरचे डागही दिसतात, म्हणून दोष त्याचाच असावा असे वाटते. वस्तुतः आवाज बिघडण्याची कारणे बहुधा खालच्या बाजूला असतात: सैल वा वाकड्या तारा, चुकीच्या जाडीचे खालचे पान, गंजलेला खटका किंवा असमान ताण. यांतील काही दोष विनामूल्य दूर होतात, बाकीचे थोड्या पैशांत. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक ड्रम अडगळीच्या खोलीत जातात आणि पुढे भंगाराच्या वजनावर विकले जातात.

पार्श्वभूमी

तारा किंवा आतड्याची दोरी लावलेली ढोलकीवजा वाद्ये युरोपात मध्ययुगापासून प्रचारात होती. पायदळातील वादक हे वाद्य पट्ट्याने कमरेच्या एका बाजूला अडकवून चालत असे, म्हणून इंग्रजीत त्याला ‘बाजूचा ड्रम’ अशा अर्थाचे नाव पडले. भारतात ते ब्रिटिश सैन्याबरोबर आले. अहिल्यानगर शहरात चिलखती दलाचे केंद्र व प्रशालेसारख्या सैनिकी संस्था आहेत आणि सैनिकी संचलनात साइड ड्रमचे स्थान आजही मध्यवर्ती आहे.

पूर्वी दोन्ही पाने कातड्याची असत आणि ती सुतळीच्या दोरीने ताणली जात. दोरीच्या जागी पुढे धातूचे स्क्रू आले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याची पाने बाजारात आली आणि काही वर्षांतच त्यांनी कातड्याला मागे टाकले. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांत ‘फायबरचे पान’ म्हणतात ते याच जातीचे. भारतातील बँडवाद्यांच्या निर्मितीचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र उत्तर प्रदेशातील मेरठ हे असून तेथील जली कोठी भाग या व्यवसायासाठी ओळखला जातो. महाराष्ट्रातील शाळांत आढळणारे अनेक ड्रम तिकडच्या किंवा त्याच धाटणीच्या बनावटीचे असतात. त्यांत दोष असा की मापे व आटे एका कारखान्याचे दुसऱ्याशी जुळतीलच असे नसते. दुरुस्तीचा निम्मा वैताग येथूनच सुरू होतो.

रचना

ड्रमच्या गोल पोकळ अंगाला येथे पिंप म्हटले आहे. ढोल-ताशा पथकांत हाच शब्द रूढ आहे. पिंप प्लायवूडचे, पोलादी पत्र्याचे, पितळेचे वा ॲल्युमिनिअमचे असते. त्याचा व्यास बहुधा १४ इंच असतो. लहान मुलांसाठी १२ व १३ इंचांचे ड्रमही मिळतात. पान पिंपाच्या काठावर बसते, पानावर धातूचे कडे बसते आणि कड्यातून जाणारे सहा, आठ किंवा दहा स्क्रू पिंपावरील नटांत फिरवून पान ताणले जाते.

खालच्या पानाखाली बारीक वेटोळ्या तारांचा पट्टा असतो. त्यात साधारणतः २० तारा असतात. पट्ट्याची एक बाजू स्थिर पकडीत व दुसरी खटक्यात अडकवलेली असते. खटका वर केला की तारा पानाला टेकतात आणि खाली केला की सुटतात. वरच्या पानावर काडी पडताच आतील हवा दाबली जाते, ती खालचे पान हलवते, पान तारांना झटकते आणि तारा परत येऊन पानावर आपटतात. ही साखळी जेथे तुटते तेथे ड्रम मुका होतो.

यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की खालचे पान फार पातळ लागते. पॉलिएस्टरचे वरचे पान साधारण २५० मायक्रॉन जाडीचे असते, तर खालचे सुमारे ७५ मायक्रॉनचे. दुकानात ‘१४ इंची पान’ एवढेच मागितले, तर बहुधा वरचे जाड पान हाती पडते. ते खाली बसवले की तारा कितीही नव्या असोत, आवाज रिकाम्या डब्यासारखा येतो. जुन्या ड्रमांत ही चूक फार वेळा आढळते. दुसरी अशी की पिंपाच्या खालच्या काठावर, तारांचा पट्टा जेथून बाहेर पडतो तेथे, समोरासमोर दोन उथळ उतार मुद्दाम केलेले असतात. त्यांच्यामुळे पट्टा पानाला सपाट चिकटतो. हे उतार झीज समजून घासून काढले, तर ड्रम कायमचा बिघडतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

जुने ड्रम बंद पडलेल्या बँडकडून, भंगारवाल्याकडून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणांहून मिळतात. पुण्याचा हा बाजार बुधवारी व रविवारी भरतो. विक्रेता नेहमी वरचे पान वाजवून दाखवतो. घेणाऱ्याने ड्रम उलटा करावा.

सर्वप्रथम पिंप पाहावे, कारण बाकी सर्व बदलता येते. मोजपट्टीने व्यास चार दिशांनी मोजावा. मापांत तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक पडत असेल, तर पिंप लंबगोल झाले आहे आणि पान त्यावर कधीच समान ताणले जाणार नाही. प्लायवूडचे पिंप असल्यास काठाशी थर सुटले आहेत का, ते नखाने चाचपावे. धातूच्या पिंपाच्या मध्यभागी असलेला पोचा आवाजाला फारसा बाधक नसतो, परंतु काठावरचा पोचा घातक असतो.

त्यानंतर प्रत्येक स्क्रू थोडा फिरवून पाहावा. गंजून घट्ट बसलेला स्क्रू सोडवता येतो. सर्वत्र नुसताच फिरणारा स्क्रू मात्र आटे गेल्याची खूण होय, आणि त्याचा खर्च किमतीत धरावा. खटका पूर्ण असावा. त्याचा एखादा भाग हरवला असेल, तर तशाच मापाचा मिळणे दुरापास्त असते. फाटके पान, तुटक्या तारा, उडालेला रंग आणि वरवरचा गंज ही मात्र किंमत पाडून मागण्याची कारणे आहेत, ड्रम नाकारण्याची नव्हेत.

दुरुस्तीला लागणाऱ्या भागांची किंमत नव्या साध्या ड्रमच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडलेला बरा. याला एक अपवाद आहे. शाळेत एकाच बनावटीचे तीन ड्रम निकामी पडले असतील, तर एकाचे कडे, दुसऱ्याचा खटका आणि तिसऱ्याचे स्क्रू एकत्र करून बहुधा दोन चांगले ड्रम तयार होतात. त्यासाठी एक पैही लागत नाही, फक्त एक रिकामी दुपार लागते.

उघडणे आणि साफसफाई

खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत आणि कडे व पिंप यांवर समोरासमोर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. ड्रमची चौकोनी तोंडाची चावी हरवलेली असते, असेच गृहीत धरावे. मापाचा लहान पाना किंवा नळीपाना तेच काम करतो. पक्कड वापरू नये, कारण तिने स्क्रूचे डोके गोल होते. स्क्रू एकेक पूर्ण न काढता समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करीत जावे, नाहीतर उरलेल्या स्क्रूंवर भार येऊन कडे वाकते.

गंजलेले स्क्रू रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावेत, सकाळी जुन्या दातघासणीने घासावेत, कोरडे करावेत आणि आट्यांना शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. क्रोमचा मुलामा असलेल्या कड्यावरील गंज ॲल्युमिनिअमच्या चुरगळलेल्या कागदाला पाणी लावून घासल्यास निघतो. खाद्यपदार्थ गुंडाळण्याचा कागद त्यास चालतो. सँडपेपर वापरू नये, कारण त्याने मुलामाच निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट येतो.

आटे गेलेल्या नटासाठी लेथवाल्याकडे जावे. शहराजवळील नागापूर औद्योगिक वसाहतीतच नव्हे, तर शेतीची अवजारे दुरुस्त होतात अशा प्रत्येक तालुक्याच्या गावी आटे पाडून देणारा कारागीर सापडतो. त्याच्याकडे नुसते माप सांगू नये. चांगला चालणारा एक स्क्रू आणि खराब नट दोन्ही सोबत न्यावेत.

काठ आणि कडे

कडे वाकलेले आहे का हे पाहण्यासाठी ते स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून बोटाने दाबावे. डुगडुगले तर वाकलेले. शहाबादी फरशीवर ही परीक्षा करू नये, कारण ती फरशी स्वतःच समतल नसते. थोडा वाक असेल, तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू काढता येतो.

पिंपाचा काठ त्याच ओट्यावर तपासावा. खोलीत अंधार करावा, पिंपाच्या आत विजेरी लावून ठेवावी आणि काठाखालून कोठे उजेड गळतो ते पाहावे. वरच्या काठाखालून कोठेही उजेड येता कामा नये. खालच्या काठाखाली तारांच्या दोन उतारांपाशी तो दिसणारच, आणि दिसलाच पाहिजे. लाकडी पिंपाचा वरचा काठ किंचित उंचसखल असल्यास ओट्यावर १५० क्रमांकाचा आणि मग २२० क्रमांकाचा पॉलिशपेपर चिकटवून पिंप त्यावर हलक्या हाताने गोल फिरवावे. काठाचा आतला उतार राखूनच हे काम करावे, आणि खालच्या काठाला अनुभवी माणसावाचून हात लावू नये. शेवटी काठावर मेणबत्ती फिरवावी म्हणजे पान त्यावर सहज सरकते.

सुटलेल्या थरांत फेव्हिकॉलसारखा लाकडाचा गोंद पातळ पट्टीने आत सारून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पिंपाभोवती घट्ट गुंडाळाव्यात. याहून स्वस्त आणि समान दाब देणारा शिकंजा नाही. २४ तास त्याला हात लावू नये. पिंपाच्या बाजूला एक लहानसे छिद्र असते. ते हवा बाहेर पडण्यासाठी असून रंगकाम करताना लांबीने बुजवू नये.

तारा आणि खटका

तारांचा पट्टा सपाट पृष्ठावर पसरून पाहावा. एक-दोन तारा ओढल्या जाऊन लोंबत असतील, तर त्या सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही टोकांशी कटरने कापून काढाव्यात. कापलेली तार कडेची असेल, तर दुसऱ्या कडेचीही एक कापावी म्हणजे ताण समतोल राहतो. २० पैकी चार तारा गेल्या तरी शाळेच्या मैदानावर फरक कळत नाही. त्याहून जास्त खराब असल्यास पट्टा नवा घ्यावा. सगळ्या दुरुस्तीत पैसे खर्च करण्याची हीच पहिली जागा. तारा शाबूत असून टोकाची पट्टी सुटली असेल, तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा डाख देऊन ती जोडून देतो.

पट्टा खटक्याला बांधणारी दोरी बहुधा कुजलेली असते. सुतळी वापरू नये, ती ताणाखाली लांबत जाते. नायलॉनची बारीक दोरी चालते. फाटलेल्या फायबर पानातून सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्यास त्या अधिक चांगल्या, कारण त्या सपाट बसतात. पट्टा पानाच्या बरोबर मध्यातून, दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर जावा. खटका बंद स्थितीत आणि ताणाचा स्क्रू मधोमध ठेवून दोरी आवळावी, म्हणजे पुढे कमी-जास्त करण्यास दोन्हीकडे वाव राहतो. तारा फार आवळल्या तर आवाज गुदमरतो आणि फार सैल सोडल्या तर प्रत्येक ठोक्यामागे शेपूट लागते. हळू वाजवले असता तारा स्वच्छ ऐकू येतील तेथे थांबावे.

पाने

नव्या पानासाठी जुन्या पानाची रिंग सोबत न्यावी. माप पिंपाचे घ्यावे, कड्याच्या बाहेरच्या घेराचे नव्हे. पान पिंपावर ठेवल्यावर ते अडकून न बसता सभोवार किंचित मोकळे हलले पाहिजे. दोन्ही पाने घेण्याइतके पैसे नसतील तर खालचे घ्यावे. वरचे पान खरवडलेले, डागाळलेले असूनही फाटलेले नसेल आणि मध्यभागी खोल वाटी पडली नसेल, तर ते आणखी एक वर्ष काढते. वरच्या पानाला सुईएवढे भोक असल्यास दोन्ही अंगांनी चिकटपट्टी लावून काही आठवडे भागवता येते. खालच्या पातळ पानावर हा उपाय उपयोगी नाही, तारा त्या पट्टीवर अडखळतात.

पान फाटण्याचे एक कारण काड्यांत असते. टोक चिरलेली काडी पानाला सुरीसारखी लागते. अशा काडीचे टोक पॉलिशपेपरने गोल करावे किंवा ती बाजूला ठेवावी.

कातडी पानांचे ड्रम आता विरळ झाले असले, तरी जुन्या बँडांकडे ते अजून सापडतात. असे पान घरी चढवण्याचा प्रयत्न सहसा फसतो. शेळीचे कातडे भिजवून, रिंगेभोवती दुमडून, ओले असतानाच बसवून सावलीत सावकाश वाळवणे हे कसबाचे काम आहे. हे कसब हलगी व ढोलकी मढवणाऱ्या कारागिरांकडे असते. हलगीवादनाची परंपरा मुख्यत्वे मातंग समाजातील कलावंतांनी जोपासली. संगमनेरसारख्या तमाशाची दीर्घ परंपरा असलेल्या गावांच्या परिसरात अशा कारागिरांची चौकशी करावी. साइड ड्रम त्यांच्या नित्याचा नसला, तरी कातड्याचा पोत आणि जाडी त्यांना बोटाने कळते. खालच्या बाजूस पातळ, वरच्या बाजूस जाड एवढे सांगितले की पुढचे ते जाणतात. त्यांच्याशी मजुरीची घासाघीस करणे अप्रशस्त होय.

सुरात लावणे

प्रथम खालचे पान लावावे. सर्व स्क्रू बोटांनी जेमतेम टेकवावेत, मग घड्याळाच्या तबकडीप्रमाणे १२ नंतर ६, ३ नंतर ९ अशा समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा द्यावा. शेजारशेजारचे स्क्रू ओळीने आवळत गेल्यास पान एका अंगाला ओढले जाते आणि मग कितीही खटाटोप केला तरी सुरात येत नाही. वरच्या पानाच्या मध्यावर तळहाताने दाब देऊन ते बसवून घ्यावे. खालचे पान मात्र दाबू नये.

खटका सोडून, प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काडीने हलकेच टिचकी मारून नाद ऐकावा. जेथे नाद खाली असेल तेथे पाव फेरा द्यावा. सर्वत्र एकच स्वर आला की खटका चढवावा. खालचे पान वरच्यापेक्षा चढे ठेवण्याची पद्धत आहे. मैदानावर वाजणारा ड्रम खोलीत वाजणाऱ्यापेक्षा अधिक ताणलेला लागतो. वर्गात बसून लावलेला ड्रम कवायतीत ढिला वाटतो तो यामुळेच, म्हणून शेवटचा अर्धा फेरा मैदानावर उभे राहून द्यावा. आवाज फार घुमत असल्यास वरच्या पानाच्या कडेला चिकटपट्टीचा लहान तुकडा पुरतो.

हवामान आणि निगा

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे कोरडी हवा आणि अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, भंडारदरा-घाटघर परिसरात, मुसळधार पाऊस, असे दोन ऋतू एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी नांदतात. कातडी पानाला हा फरक फार जाणवतो. १५ ऑगस्टच्या दमट सकाळी ते ढिले पडते, तर उन्हाळ्यात आवळलेले राहिल्यास आपोआप तडकते. म्हणून कातडी पान वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी सैल करावे आणि वाजवण्यापूर्वी ताणावे. हलगी जाळावर शेकून तापवतात, तसे साइड ड्रमचे कातडी पान उन्हात थोडा वेळ धरता येते. फायबरच्या पानाला मात्र जाळाजवळ नेऊ नये, ते आक्रसून वाकडे होते. फायबरच्या पानावर दमटपणाचा परिणाम जवळजवळ होत नाही, पण तारा व स्क्रू यांच्यावर होतो. अकोल्याकडील शाळांनी जून लागण्यापूर्वी स्क्रूंना तेलाचा आणि कड्यांना पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा, ड्रम जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत.

तारांचे सर्वांत मोठे नुकसान वाजवण्याने होत नाही, ते ड्रम खाली ठेवण्याने होते. कवायत संपली की मुले ड्रम तसाच मातीवर टेकवतात. खडे तारांत अडकतात, उचलताना तार ओढली जाते आणि खालचे पातळ पान भोसकले जाते. स्टँड नसेल तर ड्रम भिंतीच्या खिळ्याला पट्ट्याने अडकवावा, किंवा सायकलच्या जुन्या टायरवर अशा रीतीने ठेवावा की तारा अधांतरी राहतील.